पासंग

सकाळी साडेसहा. आधी त्याचं पोट मोकळं होऊ द्यायचं,
मग वजन, मग खाणं.
क्रम चुकला की आकडा खोटं बोलतो.

एकतीस वर्षं मी त्रिएस्तेच्या बंदरात
कॉफीची पोती तोलली. साठ किलोचं एक.
पोत्यामागे पावशेर इकडेतिकडे झालं
तर कुणी मान वर करत नसे;
झाडणाऱ्या बाईच्या सुपात त्याहून जास्त जायचं.

आता ओट्यावर स्वयंपाकघरातला काटा,
त्यावर मीच ठोकलेली लाकडी दांडी.
दांडीसकट शून्य करतो
आणि म्हणतो, ये, पेपी.

चारशे एकतीस.

वही ओंदिनाची. पुढून जर्दाळूचा मुरांबा,
कुणाकडून किती अंडी, उधार, फिटले.
मागून उलटी धरून मी सुरू केली
एकोणीस नोव्हेंबरला, ती गेल्याच्या नवव्या दिवशी.
पहिला आकडा चारशे अडुसष्ट.
तेव्हा मला वाटलं, पक्षी तो पक्षी, त्याचं काय तोलायचं.

पण हा लबाड आहे.
वाटी उसकतो, बिया सोलतो, टरफलं उडवतो,
बघणाऱ्याला वाटावं जेवला.
पिसं फुगवून बसला की गुबगुबीत करडा गोळा.
डॉक्टर कोशुताबाईंनी माझं बोट धरून
त्या पिसांच्या आत छातीवर टेकवलं.
"हे हाड. होडीच्या कण्यासारखं.
दोन्ही अंगांनी मांस हवं, गोलसर,
तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी आहे तसं."
मला सुरीची पाठ लागली.

(खालच्या मजल्यावरच्या लिव्हिओचा हिरवा पोपट नेमका उलटा:
लोण्यातली बिस्किटं, मुठीमुठीनं सूर्यफूल.
त्याच्या छातीवर हाडाच्या जागी घळ,
आणि उडायला सांगितलं तर तो लिव्हिओकडे बघतो,
जसं लिव्हिओ जिन्याकडे.)

"चारशे एकवीस दिसलं की फोन करा,
मध्यरात्र असली तरी."
म्हणजे दहा ग्रॅम शिल्लक.
एका कपाला सात ग्रॅम कॉफी लागते.
मला सगळं कॉफीतच मोजता येतं, काय करू.
आमच्या हाताशी दीड कपही उरलेला नाही.

मग बाईंनी विचारलं, तुम्ही कधी जेवता?
भूक लागली की.
कुठे?
खिडकीशी. उभ्यानं.
त्या बराच वेळ पेपीची नखं बघत राहिल्या.
"हा एकटा जेवत नाही, सिन्योर नेव्हिओ.
थवा जेवला तर जेवतो.
आणि तुमच्या घरात थवा म्हणजे कोण?"

पट्ट्याला मी नोव्हेंबरात एक भोक पाडलं होतं, जानेवारीत दुसरं.
ते वहीत नाही.

त्या रात्री बोरा सुटला होता,
डोंगरावरून उतरणारा आमचा वारा,
माणसाला कोपऱ्यावर उचलून तोलतो आणि टाकतो.
असल्या दिवशी ओंदिना कोटाच्या खिशात
माझी गुदामातली पितळी वजनं घालून निघायची,
म्हणायची, एवढा पासंग पुरे.
पुरला नाही तो.

पोलेंटा केला. दोन ताटल्या.
तिच्या खुर्चीच्या पाठीवर पेपी.
मी पहिला घास घेतला, बेचव होता, मीठ विसरलेलो,
आणि तिच्या आवाजात, अगदी तिच्या आवाजात,
तो म्हणाला, "नेव्हिओ, गार होतंय."
अडीच महिन्यांत पहिल्यांदा.
मी मान वर केली नाही.
तोंडात घास होता, तो गिळायला वेळ लागला.
समोरून चोचीचा आवाज येत होता,
ओला, खरा, नाटकी नव्हे.

आज चारशे तेहेतीस.
पाण्याचा घोट असेल. काट्याची चूक असेल.
बोऱ्यानं खिडक्या हलतात, ओटा थरथरतो,
आकडा बत्तीस, तेहेतीस, बत्तीस करत राहतो.
मी पेन्सिल धरून उभा आहे, श्वास रोखून,
आणि पेपीला कळत नाही
हा म्हातारा हलत का नाही.